क्रॉदरसाहेबांचं नेमकं काय चुकलं?

आज अजरामर समजल्या जाणाऱ्या चित्रपटाला पहिल्या दिवशी कोणत्या समीक्षकाने कसं झोडपलं होतं, याच्या याद्या चवीने वाचल्या जातात. विषय हॉलिवूडच्या चाळीस ते साठच्या दशकांचा असेल, तर अशा यादीत बॉस्ली क्रॉदर हे नाव असणारच. न्यूयॉर्क टाइम्सचा हा चित्रपटसमीक्षक १९४० ते १९६७ एवढा काळ त्या खुर्चीत होता. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ला त्याने नाक मुरडलं, ‘सायको’त पहिल्यांदा त्याला फारसं काही दिसलं नाही, ‘पथेर पांचाली’ त्याला ढिसाळ वाटला आणि ‘बॉनी अँड क्लाइड’वर तर तो असा तुटून पडला की शेवटी खुर्चीच गेली. एवढा ऐवज हाताशी असल्यावर त्याची टिंगल करायला फार अक्कल लागत नाही.

ही टिंगल मला पटत नाही. क्रॉदर माझा आवडता समीक्षक आहे असं मुळीच नाही. त्याचं लेखन बऱ्याचदा शाळामास्तरी आहे आणि वाक्यं उगाच लांबलेली. पण पुढे काळाने दिलेल्या निकालाशी त्याचा निकाल जुळतो का, हे तपासणं ही ज्योतिषाची परीक्षा झाली. समीक्षकाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पडद्यावर जे होतं ते त्याला दिसलं का, आणि दिसलं ते त्याने आपल्या नावाखाली, कारणांसकट मांडलं का? या कसोटीवर क्रॉदरची परीक्षणं पुन्हा वाचली तर यादीतली निम्मी कलमं गळून पडतात. उरलेली मात्र जास्तच गंभीर होतात.

त्याचं काम कसं चालायचं तेही पाहायला हवं. चित्रपट लागला की बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळच्या अंकात परीक्षण. प्रसंग थांबवून मागे नेऊन पुन्हा बघायची सोय नाही. एकदा पाहिलेलं डोक्यात धरून मजकूर द्यायचा. आज आपण ‘सिटिझन केन’बद्दल जे शहाणपण सांगतो ते ऐंशी वर्षं चघळलेलं आहे, क्रॉदरला एक रात्र मिळाली होती. शिवाय त्याच्या शब्दाला वजन होतं. हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्यांच्या चित्रपटांचं तो फारसं बिघडवू शकत नसे, कारण त्यांच्यामागे नटनट्या होत्या, जाहिरात होती आणि १९४८च्या कोर्टाच्या निकालापर्यंत स्वतःची थिएटरंही होती. पण इटलीहून, जपानहून, भारतातून आलेला चित्रपट न्यूयॉर्कच्या एखाद्या छोट्या थिएटरात लागला की वितरकाचं नशीब बऱ्याच अंशी टाइम्सच्या त्या एका रकान्यावर ठरायचं.

‘सिटिझन केन’ मे १९४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लागला, तेव्हा केनचं पात्र आपल्यावरच बेतलंय या रागातून वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी त्याची जाहिरातही घ्यायला नकार दिला होता. क्रॉदरने मात्र हा हॉलिवूडचा जवळजवळ सर्वांत खळबळजनक चित्रपट असल्याचं पहिल्याच दिवशी लिहून टाकलं. त्याच परीक्षणात त्याची एक तक्रार आहे: केन हा माणूस नेमका कसा होता, तो असा का वागला, हे चित्रपट स्पष्ट करत नाही. आज हे वाचून हसू येतं, कारण केन न उलगडणं हाच तर त्या चित्रपटाचा विषय. शेवटच्या प्रसंगात शोध घेऊन दमलेला वार्ताहर तेच म्हणतो, की एखाद्या शब्दाने माणसाचं आयुष्य उलगडत नाही. म्हणजे क्रॉदरची तक्रार चित्रपटातल्याच एका पात्राच्या तोंडी आहे! त्याने नेमक्या जागी बोट ठेवलं आणि त्या जागेला खोट म्हटलं. असा समीक्षक वाचकाच्या उपयोगाचा असतो. त्याचा निकाल फेकून द्या, निरीक्षण हातात राहतं.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चंही तेच. डिसेंबर १९४६ मध्ये क्रॉदरने जेम्स स्ट्युअर्टचं कौतुक केलं आणि पुढे लिहिलं की चित्रपटाचा कमकुवतपणा त्याच्या भाबडेपणात, आयुष्याच्या आभासी कल्पनेत आहे. तेव्हा तो फारसा चालला नव्हता. १९७४ मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्ही केंद्रांना तो फुकट दाखवता येऊ लागला आणि दर नाताळात घरोघर लागत लागत तो अमेरिकेचा लाडका चित्रपट झाला. आता क्रॉदर वेडा ठरतो. पण शेवटचा प्रसंग नीट बघा. नायक जॉर्ज बेलीचा बिली काका विसरभोळेपणाने आठ हजार डॉलर वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळून सावकार पॉटरच्या हाती देऊन बसतो. पॉटरला पैसे दिसतात. तो ते ठेवून घेतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. शेवटी सगळं गाव जॉर्ज बेलीच्या टेबलावर नोटा आणि नाणी ओततं, गाणं होतं, डोळे पाणावतात. पॉटरचं काय झालं? काहीच नाही. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असा दंडक असलेली हॉलिवूडची निर्मिती-संहिता तेव्हा लागू होती, तरी हा चोर मोकळा सुटतो आणि आपल्याला त्याची आठवणही होत नाही. जग कसं चांगलं आहे हे पटवताना दिग्दर्शक काप्राला एक चोर कथेतून गुपचूप बाहेर काढावा लागतो. रडू मलाही येतं, पण आभास हा क्रॉदरचा शब्द मी त्याला परत घ्यायला लावणार नाही.

‘सायको’बाबतीत तर तो स्वतःच वळला. जून १९६० मध्ये त्याला चित्रपट स्वस्तातला, सुरुवातीला रेंगाळणारा वाटला. हिचकॉकने समीक्षकांसाठी आधी खास खेळ ठेवायलाच नकार दिला होता, त्यामुळे सगळ्यांना तिकीटवाल्या गर्दीत बसून बघावा लागला. हे नाराजीचं एक कारण असेल, नसेलही. पण वर्षअखेरीस त्याने उत्तम दहा चित्रपट निवडले त्यात ‘सायको’ होता. याद्या करणारे ही दुसरी अर्धी गोष्ट सहसा सांगत नाहीत.

सगळीकडे त्याची वकिली करता येत नाही. १९६३ मध्ये ‘क्लिओपात्रा’ला त्याने त्या काळच्या थोर भव्यपटांत बसवलं, आणि त्याच्या आदल्याच वर्षी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ला उंटांचा लांबलेला तमाशा ठरवलं. इथे मी हात जोडतो. तरी लॉरेन्सबद्दलचं त्याचं एक निरीक्षण, की इतके तास घालवूनही हा माणूस आपल्याला कळत नाही, तेही खोटं नाही. केनच्या वेळची तक्रारच पुन्हा वर आली. या समीक्षकाला माणूस उलगडलेला लागायचा.

आता आपला राग. ‘पथेर पांचाली’चा पहिला खेळ मे १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्याच आधुनिक कला संग्रहालयात झाला होता, १९५६ मध्ये कान चित्रपट महोत्सवात त्याचा गौरवही झाला, पण अमेरिकेत तो रीतसर लागला सप्टेंबर १९५८ मध्ये, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू प्लेहाउसला. क्रॉदरने लिहिलं की इतका सैल बांधणीचा, इतक्या मंद चालीचा चित्रपट हॉलिवूडच्या संकलकांपुढे कच्ची जोडणी म्हणूनही कसाबसाच पास होईल. हे वाक्य भारतीयांना अजून झोंबतं, आणि झोंबायलाच हवं. पण कशासाठी? चित्रपट सैल आणि संथ आहे, हे त्याला दिसलं ते खरंच होतं. सत्यजित रायांनी तो तसाच केला होता. दुर्गा आणि अपू गवतातून आगगाडी बघायला धावतात तो प्रसंग कथेला कुठेही पुढे ढकलत नाही, आणि तोच आपल्या लक्षात राहतो. चूक मापाची होती. अपूचे आईबाप हरिहर-सर्बजया यांच्या घराला त्याने कॅलिफोर्नियातल्या संकलनाच्या टेबलावरची पट्टी लावली. गंमत म्हणजे त्याच परीक्षणात चित्रपटाच्या हळूहळू उलगडत जाणाऱ्या सौंदर्याचीही दखल आहे, आणि तो त्या थिएटरात आठ महिने चालला. प्रेक्षकांनी परीक्षण वाचलं आणि तरीही गेले.

मग चुकलं काय? माझ्या मते क्रॉदरचं दुखणं एकच होतं, आणि तेच त्याचं मोठेपणही होतं. चित्रपट काय सांगतो याकडे त्याचं सगळं लक्ष असे, कसं सांगतो याकडे त्या मानाने फार कमी. ज्यूद्वेषावर, युद्धावरून परतलेल्या सैनिकांवर, पाठीशी कोणी उभं न राहिलेल्या शेरीफवर चित्रपट आला की तो खुलायचा. विषय हलका किंवा नीती धूसर असली की त्याला गुदमरल्यासारखं व्हायचं. जानेवारी १९६४ मध्ये अणुयुद्धाची खिल्ली उडवणारा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ आला. क्यूबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचाला सव्वा वर्ष झालेलं, केनेडींच्या हत्येला जेमतेम दोन महिने. उपहास धारदार आहे हे क्रॉदरने मान्य केलं, पण राष्ट्राध्यक्षापर्यंतच्या सगळ्या संरक्षणव्यवस्थेबद्दल त्यातला तिरस्कार त्याला अस्वस्थ करून गेला. दिग्दर्शक कुब्रिकला तो तिरस्कारच दाखवायचा होता! क्रॉदरने तो पाहिला आणि दचकला. सिनेमा हे लोकांना घडवणारं साधन आहे, त्याच्या हातून समाजाचं भलंबुरं होतं, ही त्याची पक्की श्रद्धा होती.

हीच श्रद्धा १९५१ मध्ये किती कामाला आली ते कोणत्याच यादीत नसतं. इटालियन दिग्दर्शक रोसेलिनीचा ‘द मिरॅकल’ हा छोटा चित्रपट डिसेंबर १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या पॅरिस थिएटरात लागला. शेळ्या राखणारी एक भोळी बाई (अ‍ॅना मान्यानी) डोंगरावर भेटलेल्या वाटसरूला संत जोसेफ समजते. तिला दिवस जातात, हा दैवी गर्भ आहे असं ती मानते आणि गाव तिची हेटाळणी करतं. वाटसरूच्या भूमिकेत पुढे मोठा दिग्दर्शक झालेला फेडेरिको फेलिनी, तेव्हा फारसा कोणाला माहीत नसलेला. न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांनी चित्रपटाचा जाहीर धिक्कार केला, थिएटरबाहेर निदर्शनं सुरू झाली आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये राज्याच्या मंडळाने धर्मनिंदेच्या कारणावरून परवाना काढून घेतला. १९१५च्या निवाड्याप्रमाणे सिनेमा हा निव्वळ धंदा होता, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य लागू नव्हतं. कम्युनिस्टांच्या संशयाने झपाटलेल्या सिनेटर मॅकार्थीच्या काळात, चर्चच्या विरोधात, शहरातल्या सर्वांत प्रतिष्ठित दैनिकाच्या माणसाने गप्प राहणं सोयीचं होतं. क्रॉदर गप्प राहिला नाही. टाइम्समध्ये लिहिलं, ‘अटलांटिक’मध्ये या प्रकरणावर मोठा लेख लिहिला. त्याच सुमारास ‘बायसिकल थीव्ह्ज’मधला भिंतीशी लघवीला उभा राहू पाहणारा लहान मुलगा कापा, असा हट्ट हॉलिवूडच्या संहितावाल्यांनी धरला, तेव्हाही तो त्यांच्या विरोधात उभा होता.

दोन्ही चित्रपटांचा वितरक जोसेफ बर्स्टिन ‘मिरॅकल’चा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेला. मे १९५२ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की चित्रपटालाही घटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. खटला बर्स्टिनचा आणि त्याच्या वकिलांचा, पण वातावरण तयार करण्यात क्रॉदरच्या रकान्याचा वाटा होता. आपल्याकडे ख्वाजा अहमद अब्बास असाच प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७०च्या निकालात न्यायालयाने पूर्वपरीक्षण, म्हणजे सेन्सॉरशिप, वैध ठरवलं, आणि सिनेमा इतर कलांपेक्षा भावना जास्त चाळवतो हे त्याचं एक कारण दिलं. सिनेमाचा परिणाम मोठा असतो हे क्रॉदरही मानत होता. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष बरोबर उलटा होता, की म्हणूनच तो मोकळा असला पाहिजे. निदान १९५१ मध्ये तरी.

१९६७च्या उन्हाळ्यात मात्र त्याचा धीर सुटला. व्हिएतनाममधून शवपेट्या येत होत्या, जुलैत न्यूअर्क आणि डेट्रॉइट पेटलं होतं, आणि पडद्यावर ‘द डर्टी डझन’ गाजत होता. हिंसेच्या या लाटेविरुद्ध तो आधीपासूनच लिहीत होता, त्यात ऑगस्टमध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ आला. क्रॉदरने त्याला थिल्लर म्हटलं, खुनी जोडप्याला विनोदी पात्रं केल्याबद्दल फटकारलं, आणि एकदा लिहून थांबला नाही. वाचकांची उलट पत्रं येऊ लागली तसा तो आणखी कडक झाला.

त्याच्या संतापाचं एक कारण फारसं कोणी लक्षात घेत नाही. खरे दरोडेखोर बॉनी आणि क्लाइड मे १९३४ मध्ये लुइझियानात पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा क्रॉदर अठ्ठावीस वर्षांचा होता आणि याच टाइम्समध्ये नोकरीला होता. त्याच्यासाठी ती बातमी होती, मेलेल्या पोलिसांच्या आकड्यासकट. १९६७च्या विशीतल्या प्रेक्षकांसाठी ती दंतकथा होती. वॉरन बेटी आणि फे डनअवेसारखी देखणी माणसं त्या दंतकथेत उभी केल्यावर म्हाताऱ्या बातमीदाराचं पित्त खवळणार, हे समजण्यासारखं आहे.

पण समजण्यासारखं असलं तरी इथे तो खरोखर नापास होतो. एक प्रसंग घ्या. बँक लुटायला क्लाइड आणि बॉनी आत गेलेत, बाहेर गाडी घेऊन थांबलेला सी. डब्ल्यू. मॉस समोर रिकामी जागा दिसली म्हणून शहाण्या मुलासारखी गाडी दोन गाड्यांच्या मधे लावून ठेवतो. दोघं पैसे घेऊन पळत येतात तर गाडी निघेना. पुढे, मागे, पुढे, मागे. प्रेक्षागृहात हशा. गाडी कशीबशी सुटते, बँकेतला एक वयस्कर माणूस पायफळीवर उडी मारून काचेला चिकटतो आणि क्लाइड घाबरून त्याच्या तोंडावर गोळी झाडतो. काच फुटलेली, चेहऱ्यावर रक्त. काही क्षणांपूर्वी हसलेला प्रेक्षक त्या हसण्याचं काय करणार? पुढच्याच प्रसंगात तिघं एका सिनेमागृहात लपून बसलेत. क्लाइड मॉसला दबक्या आवाजात झापतोय, आणि बॉनी पडद्यावरच्या गाण्यात गुंग आहे. खून आणि करमणूक यांची शिवण दिग्दर्शक आर्थर पेनने अशी उघडी ठेवली आहे. क्रॉदरला विनोद दिसला, खून दिसला, ही शिवण दिसली नाही. केन आणि काप्राच्या वेळी त्याचं निरीक्षण खरं होतं. इथे ते अर्धवट राहिलं, आणि त्याच अर्ध्यावर तो पुन्हा पुन्हा लिहीत राहिला.

ही उणीव समीक्षक पॉलीन केलने ऑक्टोबरमध्ये ‘न्यूयॉर्कर’मधल्या प्रदीर्घ लेखात भरून काढली. हिंसा हाच या चित्रपटाचा अर्थ आहे, हसणाऱ्याला चटका बसावा म्हणूनच तो हसवतो, असं तिने प्रसंग हातात घेऊन दाखवलं. ‘न्यूजवीक’च्या जोसेफ मॉर्गनस्टर्नने तर पहिलं परीक्षण पुढच्याच अंकात मागे घेतलं. क्रॉदरने ते केलं नाही. १९६८च्या सुरुवातीला त्याच्या जागी रेनाटा अ‍ॅडलर आली, तो पुढे कोलंबिया पिक्चर्सचा सल्लागार झाला, आणि ‘बॉनी अँड क्लाइड’ला दहा ऑस्कर नामांकनं मिळाली.

त्याला काढलं ते योग्य झालं का? एकाच खुर्चीत सत्तावीस वर्षं फार झाली, असं म्हणून काढलं असतं तर मी टाळी वाजवली असती. पण अ‍ॅडलर वर्षभराने गेल्यावर आलेला व्हिन्सेंट कॅन्बी त्याच खुर्चीत १९९३ पर्यंत बसला, तेव्हा मुदतीचा नियम कोणाला आठवला नाही. क्रॉदर गेला तो ‘बॉनी अँड क्लाइड’मुळे, हा समज सार्वत्रिक आहे आणि मला तो खरा वाटतो. तरुण वाचक ज्या बाजूला गेला त्या बाजूला समीक्षक गेला नाही, एवढं कारण पुरलं. ‘मिरॅकल’च्या वेळी कार्डिनलच्या दबावापुढे न झुकलेल्या दैनिकाला या वेळी लोकप्रियतेचा दबाव ओळखता आला नाही, किंवा ओळखून गोड वाटला. माझ्या हाती असतं तर मी क्रॉदरला ठेवून शेजारच्या रकान्यात केलला आणलं असतं. एका चित्रपटावर एकाच पानात दोन नावांची भांडणं! वाचक म्हणून यापेक्षा अधिक मी काही मागत नाही.

आपल्याकडे मराठी वर्तमानपत्रांत आणि पोर्टलांवर शुक्रवार-शनिवारी येणारी बहुतेक परीक्षणं वाचताना मला क्रॉदरची उणीव भासते. अर्धा मजकूर कथेचा सारांश, मग छायाचित्रण नेत्रसुखद, पार्श्वसंगीत साजेसं, सहकलाकारांची उत्तम साथ, आणि खाली साडेतीन स्टार. ज्याच्या मुलाखती आठवडाभर त्याच दैनिकात झळकल्या, त्या चित्रपटाला दीड स्टार कोण देणार? पन्नास वर्षांनी यातल्या एकाही समीक्षकाची फजिती करणारी यादी निघणार नाही, कारण चुकीचं ठरेल असं काही लिहिलेलंच नसतं. ‘पथेर पांचाली’ संथ आहे असं क्रॉदरने नाव घालून लिहिलं, म्हणून आपण आज त्याच्याशी भांडू शकतो. साडेतीन स्टारवाल्याशी भांडायचं तर आधी त्याला काय खटकलं ते शोधावं लागतं, आणि त्यासाठी परीक्षण दोनदा वाचलं तरी ते सापडत नाही.